गरिबाच्या पोराकडून मोठी अपेक्षा ठेवणारा मास्तर : कर्मवीर भाऊराव पाटील

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत सुभेदार रामजींच्या भिवाचे नाव दाखल झाले. वर्गात त्याला इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तो भिवा पुढे बाबासाहेब झाला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याच साताऱ्यात १९२४ साली एक वसतिगृह सुरू झाले. तिथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा सगळ्या घरांतली मुले एका पंगतीला बसत, एका चुलीवरचे खात आणि एकत्र राबत. हे वसतिगृह चालवणाऱ्या भाऊराव पाटलांना मुले अण्णा म्हणत. लोकांनी त्यांना कर्मवीर ही पदवी दिली.

रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून कर्मवीर सर्वांना ठाऊक आहेत. आम्हाला इथे त्यांच्यातला मास्तर पाहायचा आहे. कर्जत-खालापूर भागात, भिवपुरीच्या आसपासच्या बौद्धवस्त्यांत आणि आदिवासी वाड्यांवर मुलांच्या शिक्षणाचे काम करताना आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो. मुलाकडून फार अपेक्षा केली तर ते दबून जाते आणि येणे बंद करते. नुसती माया केली तर ते येते, बसते, हसते, पण वाचायला शिकत नाही. मग करायचे काय? आम्हाला वाटते, या प्रश्नाचे उत्तर अण्णांच्या आयुष्यात आहे. ते त्यांनाही एका दिवसात सापडलेले नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. घराणे जैन शेतकऱ्याचे, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते. शिक्षणासाठी भाऊरावांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये घातले आणि राहायला जैन बोर्डिंगात ठेवले. अभ्यासात ते मागे होते. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. गणितात ते नापास झाले तेव्हा खुद्द शाहू महाराजांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला, पण गणिताच्या मास्तरांनी, भाऊराव ज्या बाकावर बसतो ते बाक वर घालीन, भाऊरावाला नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले, अशी आठवण सांगतात. मास्तर नियमाने चुकले नव्हते. पण गणित न येणाऱ्या त्या पोराला गणित कसे येईल, याची काळजी त्या उत्तरात कुठेच नव्हती. पुढे हजारो मुलांचे शिक्षण उभे करणारा माणूस शाळेच्या हिशेबात नापास होता, हे आपल्या अभ्यासिकांत नापासाचा शिक्का घेऊन येणाऱ्या मुलांना आवर्जून सांगायला हवे.

दुसरा धडा बोर्डिंगाने दिला. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्याची आज्ञा झाली आणि त्यांनी ती मोडली. अखेर त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. खायला-प्यायला घालणारे, आपल्याच समाजाचे वसतिगृह, पण तिथली आपुलकी जातीच्या उंबऱ्यापाशी संपत होती.

सुट्टीत इस्लामपूरला गेले असताना त्यांना शाळेत वर्गाबाहेर बसून शिकणारा एक महार मुलगा दिसला. ज्ञानदेव घोलप त्याचे नाव. भाऊरावांनी त्याला जवळ घेतले, कोल्हापूरला नेले आणि मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. कीव करून चार आणे हातावर ठेवणे सोपे होते. भाऊरावांनी त्याला वर्गाच्या आत बसवण्याची वाट धरली. हेच घोलप पुढे मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले आणि बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चे संपादनही त्यांनी केले.

पुढे भाऊराव साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. शिकवण्या चांगल्या चालल्या, पण पैसे देऊ शकणाऱ्यांचीच पोरे समोर बसत. १९१४ च्या सुमारास कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी त्यांचा छळ केला. त्यांनी साक्ष दिली नाही. पुढे ओगल्यांच्या काच कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या आणि गावकुसाबाहेरच्या घरात शिक्षण का पोचत नाही, हे त्यांना या फिरतीत दिसले. शाळा दूर, शहरात राहायला जागा नाही, घरी कामाला हात हवेत. हुशारीची कमतरता त्यांना कुठे दिसली नाही.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे भाऊराव १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापून मोकळे झाले नाहीत. त्यांनी वसतिगृह चालवायला घेतले आणि १९२४ साली साताऱ्यात त्याचे मोठे रूप उभे केले. इथे त्यांची अपेक्षा कडक होती. फुकटचे जेवण नाही. मुलांनी दळायचे, स्वयंपाक करायचा, झाडलोट करायची, शेतात खपायचे आणि या सगळ्यानंतर अभ्यासात मागे राहायचे नाही. महाराचे पोर आणि पाटलाचे पोर यांना कामाची पाळी एकच. अण्णांच्या शिस्तीचा धाक मोठा होता. तरीही मुले टिकली. कारण जे काम मुलांना सांगायचे ते अण्णा स्वतः करत होते आणि मुले जे खात तेच तेही खात.

शिवाय तिथे वहिनी होत्या. लक्ष्मीबाई कर्मठ वातावरणात वाढलेल्या. नवऱ्याने दारात आणलेली सगळ्या जातींची पोरे त्यांनी आपली मानली. आजाऱ्यांची उशापायथ्याशी बसून सेवा केली. वसतिगृहात दाणे नसत तेव्हा अंगावरचा एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. अण्णांच्या शिस्तीला वहिनींच्या मायेची जोड नसती तर ते वसतिगृह किती मुलांना धरून ठेवू शकले असते, अशी शंका आम्हाला येते. रयतेचा इतिहास सांगताना वहिनींचे नाव एका ओळीत उरकणे हा अन्याय आहे. रमाईंचा त्याग जाणणाऱ्या आपल्या समाजाला तरी हे वेगळे सांगावे लागू नये.

अण्णांचे पुढचे काम आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी आपल्यासारखे मास्तर घडवायला घेतले. १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण भागासाठी शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय सुरू झाले. जिथे सरकारी शाळा नव्हती अशा डोंगरातल्या छोट्या गावांत एकेका शिक्षकाच्या व्हॉलंटरी शाळा निघाल्या. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. श्रम करा आणि शिका, ही योजना कॉलेजपर्यंत पोचली. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते त्या मुलांनी पदवी घ्यावी, ही अपेक्षा त्यांनी कधी खाली आणली नाही. त्या अपेक्षेपर्यंत चढायची शिडी मात्र आधी लावली. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली, भारत सरकारने पद्मभूषण दिले आणि ९ मे १९५९ रोजी ते गेले.

भाऊराव गांधीजींना मानत. साताऱ्याच्या वसतिगृहाचे शाहू बोर्डिंग हे नामकरण १९२७ साली गांधीजींच्या हस्ते झाले. या मुद्द्यावर आपल्यातल्या अनेकांचे त्यांच्याशी मतभेद असतील, आमचेही आहेत. पण ज्या १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि लगेच पुढच्या वर्षी सोलापुरात वसतिगृह उघडले, त्याच काळात साताऱ्यात हे काम चालले होते. मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या राहण्या-खाण्याची सोय करावी लागते, हे दोघांनीही ओळखले होते.

आता आपल्या भागाकडे पाहू. भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. त्याच्या तारा वाड्यांच्या डोक्यावरून मुंबईकडे गेल्या. आज भिवपुरी रोडला लोकल थांबते, मुंबई दोन तासांवर आहे. तरी पावसाळा संपला की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर निघतात आणि वर्गातली मुले त्यांच्याबरोबर जातात. परत येतात तेव्हा आधीचे विसरलेले असते. अशा मुलाला मठ्ठ म्हणून मागे बसवणारे शिक्षक आहेत. बिचारा आहे, जाऊ द्या, म्हणून न वाचता वर ढकलणारेही आहेत. एक कठोर दिसतो आणि दुसरा प्रेमळ, पण हे पोर शिकू शकते असे दोघांनाही मनातून वाटत नाही. आपण करुणा म्हणतो ती ही नव्हे. करुणेत समोरच्याचे दुःख दूर करण्याची खटपट असते, कीव करणारा मात्र हळहळून घरी जातो.

म्हणून विहारांत आणि समाजमंदिरांत अभ्यासिका चालवणाऱ्या तरुण मित्र-मैत्रिणींना आमचे सांगणे आहे. मूल आले नाही तर संध्याकाळी त्याच्या घरी जा. ते भट्टीवर जाणार असेल तर त्याला कोणाकडे, कोणत्या वसतिगृहात ठेवता येईल ते दिवाळीच्या आधी ठरवा. पाढे चुकले तर पुन्हा म्हणून घ्या, सोडून देऊ नका आणि चारचौघांत लाजवूही नका. झाडू मारायला सांगायचे असेल तर पहिला झाडू आपण घ्या. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाने वर्षअखेर काय वाचावे, काय लिहावे, ते त्याच्या आईबापांसमोर बसून ठरवा आणि ते पुरे होईपर्यंत त्याचा हात सोडू नका. येत्या २२ सप्टेंबरला कर्मवीरांच्या फोटोला हार घालाल तेव्हा या यादीतले निदान एक काम सुरू झालेले असावे.

जय भीम.