थोरले बाजीराव पेशवे : विजयाचे मर्म

लढाईचा निकाल रणांगणावर लागतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. थोरल्या बाजीराव पेशव्यांचे चरित्र अभ्यासले म्हणजे ती अर्धीच खरी असल्याचे ध्यानात येते. सैन्याचा वेग, अन्नपाण्याची तरतूद आणि भूमीचे ज्ञान या तीन गोष्टींनी त्यांचे मोठे विजय तलवार उपसण्यापूर्वीच निश्चित केले होते.

बाळाजी विश्वनाथांचे हे ज्येष्ठ पुत्र १८ ऑगस्ट १७०० रोजी जन्मले. वडिलांसमवेत ते दिल्लीस गेले, तेव्हा मोगली वैभवाआडचा पोकळपणा त्यांनी स्वतः पाहिला. एप्रिल १७२० मध्ये शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपदाची वस्त्रे दिली. वय अवघे एकोणीस. दरबारातील वयोवृद्ध मुत्सद्द्यांचा विरोध होताच. पण महाराजांची पारख अचूक ठरली.

या पारखेची खरी कसोटी पालखेडला लागली. निजामाने पुण्यापर्यंत धडक मारली असताना बाजीराव पुण्याच्या रक्षणासाठी धावले नाहीत. त्यांनी निजामाच्याच मुलखात घोडी घातली, खानदेश-गुजरातकडे हुलकावणी दिली आणि औरंगाबादेच्या रोखाने वळले. राजधानीच्या काळजीने निजाम मागे फिरला. त्याचा अवजड तोफखाना मागे पडला. फेब्रुवारी १७२८ मध्ये गोदावरीच्या परिसरात, पालखेडनजीक, तो अन्नपाण्यावाचून कोंडला गेला. मोठा रक्तपात न होता मुंगी-शेवगावचा तह झाला व चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्यास मान्य करावा लागला. दुसऱ्या महायुद्धातील विख्यात ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनीही पुढे या मोहिमेची मुक्तकंठाने प्रशंसा केली.

पुढच्याच वर्षी वृद्ध छत्रसालाच्या हाकेस धावून त्यांनी महंमदखान बंगशास जैतपुरास वेढले. तेथेही शत्रूला नमविले ते उपासमारीने. १७३७ च्या मार्चमध्ये मोगल फौजांना बगल देऊन ते एकाएकी दिल्लीच्या वेशीवर प्रकटले. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रबळ तोफखान्यासह आलेल्या निजामास त्यांनी भोपाळात अडकविले. रसद तुटताच ७ जानेवारी १७३८ रोजी दोराह सराईचा तह झाला.

या पद्धतीस मर्यादा नव्हती असे मात्र नव्हे. १७३३ मध्ये जंजिऱ्यापुढे घोडदळाचा वेग निरुपयोगी ठरला. समुद्राने वेढलेला तो किल्ला अजिंक्यच राहिला. सततच्या मोहिमांनी कर्जाचा बोजा वाढला. मस्तानीच्या प्रकरणाने घरातील शांतता हरपली. रणांगणावर न हरलेला हा पुरुष आप्तांच्या रोषापुढे आणि सावकारांच्या तगाद्यापुढे हतबल झाला. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे चाळिशीही न गाठता त्यांनी देह ठेवला.

एकवीस वर्षांनी पानिपतावर मराठ्यांपाशी इब्राहिमखान गारद्याचा उत्कृष्ट तोफखाना होता, शौर्यही तसूभर उणे नव्हते. परंतु सोबत बुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा प्रचंड लवाजमा होता. अब्दालीने रसद तोडली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्यास लढाईस उभे राहावे लागले. पालखेडला जे निजामाच्या वाट्यास आले, ते पानिपतावर आपल्या वाट्यास आले. बाजीराव-मस्तानींचा पुत्र समशेर बहाद्दरही त्या युद्धाच्या जखमांनीच मृत्यू पावला.

आपल्या जबलपुरात १९०४ पासून तोफगाडे घडविण्याचा कारखाना आहे. त्यात आणि खमरियाच्या कारखान्यात अनेक मराठी घरांनी आयुष्ये वेचली. शस्त्रांचे मोल त्यांना ठाऊक आहे. पण शस्त्र ज्याच्या हाती असते, त्याच्या पोटात अन्न आणि डोक्यात योजना लागते, हे बाजीरावांच्या चरित्राचे सार आहे.

या चरित्राशी आपले नाते आणखी निकटचे आहे. छत्रसालाने कृतज्ञतेने दिलेल्या मुलखातून सागरचा मराठी कारभार उभा राहिला आणि १७८१ मध्ये गढा-मंडला त्याच कारभाराखाली आले. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले व १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. ग्वारीघाटावरून वाहणारी नर्मदा पश्चिमेस रावेरखेडीच्या समाधीजवळून जाते. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मुलाबाळांसह त्या समाधीचे एकदा दर्शन घ्यावे; आपण या मुलखात पूर्णपणे परके नाही, याची साक्ष तेथे मिळेल.