परदेशातली सुखदुःखं खेड्यातल्या पोरांच्या ओसरीवर आणणारे साने गुरुजी

अमळनेर : साने गुरुजी म्हटलं की श्यामची आई आठवते. डोळे पुसत वाचलेलं पुस्तक म्हणून ते घराघरात आहे. पण गुरुजींनी आणखी एक मोठं काम केलं, त्याची चर्चा कमी होते. इंग्लंड, फ्रान्स, तामिळनाडू, बंगाल, अरबस्तान इथल्या माणसांचं जगणं त्यांनी मराठी मुलांना समजेल अशा भाषेत सांगितलं. ज्या पोरांनी तालुक्याचं गावही धड पाहिलं नव्हतं, त्यांना गुरुजींनी जग दाखवलं.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातल्या पालगडचा. घराणं खोताचं, पण दिवस पालटले आणि घरात दारिद्र्य आलं. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असं फिरावं लागलं. कधी उपाशी राहून, कधी दुसऱ्याच्या आधारानं ते शिकले. 1917 मध्ये आई गेली. ते दुःख त्यांना जन्मभर पुरलं. तरी शिक्षण सोडलं नाही, एम.ए. पूर्ण केलं.

तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि 1924 मध्ये तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. तीच शाळा आज प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खान्देशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची पोरं तिथं राहायची. घर सोडून आलेल्या या मुलांची अंथरुणं आवरणं, कपडे धुणं, आजारपणात उशाशी बसणं हे सगळं गुरुजी करायचे. शिस्त लावायला त्यांना छडी लागली नाही.

याच छात्रालयात त्यांनी हातानं लिहिलेलं एक दैनिक सुरू केलं. रोज पहाटे उठून स्वतः लिहायचं आणि मुलांना वाचायला लावून द्यायचं. थोरांची चरित्रं, देशातल्या घडामोडी, बाहेरच्या जगातल्या गोष्टी त्यात असायच्या. पुढं विद्यार्थी नावाचं मासिक काढलं. पाठ्यपुस्तकाच्या बाहेरही जग आहे, हे मुलांना कळावं एवढाच हेतू होता.

1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळ्याचा तुरुंग झाला, मग त्रिचनापल्लीला रवानगी झाली. तिथं दक्षिणेतले राजबंदी बरोबर होते. एकाच देशाची माणसं, पण एकमेकांची बोली कळत नव्हती. गुरुजींना हे लागलं. इंग्रजी पुस्तकं आपण वाचतो आणि शेजारच्या प्रांताचं काहीच ठाऊक नाही, ही उणीव त्यांना खटकली. ते तिथं तमिळ शिकले. तिरुवल्लुवर यांचा कुरल हा ग्रंथ पुढं त्यांनी मराठीत आणला.

तुरुंग ही त्यांची लेखनाची खोलीच झाली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दर रविवारी प्रवचनं दिली, ती गुरुजींनी उतरवून घेतली. म्हणून आज गीता प्रवचने हे पुस्तक आपल्या हातात आहे. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत श्यामची आई लिहून झाली.

मुलांसाठी त्यांनी गोड गोष्टी ही माला लिहिली. त्यात परदेशी कादंबऱ्यांतल्या कथा त्यांनी आपल्या मातीत आणून लावल्या. जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेची 1861 ची कादंबरी घेऊन त्यांनी मनुबाबा लिहिलं. चोरीचा खोटा आळ आलेला एक विणकर गाव सोडतो, एकटा राहून मोहरा साठवतो. त्या मोहराही चोरीला जातात आणि त्याच्या दारात एक अनाथ पोर येते. मोहरांपेक्षा माणूस मोठा, हे त्याला तेव्हा कळतं. व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाची कथा त्यांनी दुःखी या नावानं सांगितली. बहिणीच्या भुकेल्या लेकरांसाठी पाव चोरला म्हणून तुरुंगात गेलेल्या माणसाची ती कथा आहे. नावं मराठी, भाषा घरातली. दुष्काळ आणि सावकारी पाहिलेल्या खान्देशच्या पोरांना ही माणसं परकी वाटण्याचं कारणच नव्हतं.

भारतीय संस्कृती लिहिणाऱ्या याच लेखकानं इस्लामी संस्कृतीवरही पुस्तक लिहिलं. पैगंबरांचं चरित्र मराठी वाचकाला प्रेमानं समजावून दिलं. शेजारी कसा जगतो, कशावर श्रद्धा ठेवतो हे माहीत नसेल तर द्वेष पसरायला वेळ लागत नाही, असं त्यांना वाटायचं.

गुरुजी नुसते लिहीत बसले नाहीत. 1936 च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनासाठी गावोगाव हिंडले. अतिवृष्टीनं पिकं गेली तेव्हा शेतसारा माफीसाठी शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. मे 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांसाठी उघडावं म्हणून त्यांनी उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. 15 ऑगस्ट 1948 रोजी साधना साप्ताहिक सुरू केलं.

शेवटच्या काळात आंतरभारतीचा ध्यास होता. रवींद्रनाथांची विश्वभारती डोळ्यांसमोर होती. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा, गाणी, चालीरीती शिकाव्यात अशी संस्था त्यांना उभारायची होती. ते त्यांच्या हयातीत झालं नाही. गांधीजींच्या हत्येनंतर मन खचलं होतं. 11 जून 1950 रोजी मुंबईत त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली. वय होतं अवघं पन्नास.

दरवर्षी त्यांची पुण्यतिथी शाळा उघडायच्या तोंडावर येते. फोटोला हार घालून कार्यक्रम उरकतो. गुरुजींच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क 2011 पासून संपला आहे, त्यामुळे ती कोणालाही छापता, वाटता येतात. शाळेच्या कपाटात मनुबाबा, दुःखी असतील तर कुलूप काढून ती पोरांच्या हातात द्यायला हवीत. छात्रालयातल्या मुलांसाठी पहाटे उठून लिहिणाऱ्या माणसाला हाराचं अप्रूप नव्हतं, पोरं वाचतात का एवढंच तो बघायचा.