फसलेल्या प्रयोगातून सापडलेला ‘स्ट्रेस’

उद्या सबमिशन, जर्नल अर्धं कोरं आणि पोटात गोळा! अशा वेळी तुमच्या तोंडून हमखास निघणारा शब्द म्हणजे ‘स्ट्रेस’. तो जगाच्या तोंडी बसवण्यात सगळ्यात मोठा वाटा आहे हान्स सेलीचा.

सेलीचा जन्म १९०७ चा, व्हिएन्नातला. वडील लष्करात सर्जन. प्रागमध्ये मेडिकलला असताना त्याला एक साधीच गोष्ट जाणवली. आजार कुठलाही असो, पेशंट सारखेच दिसतात : गळून गेलेले, भूक मेलेली, अंग दुखणारे. तेव्हा हा विचार तिथेच राहिला.

पुढे कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तो उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होता. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी वाढल्या, थायमस आक्रसली, जठरात अल्सर झाले. नवं हॉर्मोन सापडलं म्हणून स्वारी खूश! मग त्यानं फॉर्मालिनसारखं विषारी रसायन टोचून पाहिलं. परिणाम तोच! म्हणजे नवं हॉर्मोन वगैरे काही नव्हतंच. मेहनत पाण्यात.

तुम्ही असता तर वही बंद केली असती ना? सेलीला मात्र प्रागचे ते पेशंट आठवले. १९३६ मध्ये, २९ व्या वर्षी, ‘नेचर’मध्ये त्याचं जेमतेम पानभर पत्र छापून आलं. विष कुठलंही असो, शरीर आधी धोक्याची घंटा वाजवतं, मग तग धरतं आणि मारा थांबलाच नाही तर हात टेकतं. या तग धरण्यात अ‍ॅड्रिनलच्या हॉर्मोन्सचा वाटा मोठा. ही ग्रंथी काढली की प्राणी थोड्याशा माऱ्यानंही कोसळतात. पुढे त्यानं हेही दाखवलं, की काही स्टेरॉइड्स शरीराला विष सोसायला मदत करतात, तर काही ते लवकर नष्ट करायला.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धवट राहील. विषांचा एवढा अभ्यास केलेल्या या माणसानं तंबाखू उद्योगाकडून पैसे घेतले आणि ताण हलका करायला सिगारेट बरी, असा युक्तिवादही केला. १९८२ मध्ये तो गेला. पैशांचा हा सगळा व्यवहार पुढे कंपन्यांचीच कागदपत्रं खुली झाली, तेव्हा नीट समोर आला.

तेव्हा पुढच्या वेळी टपरीवर कुणी ‘घे रे, टेन्शन जाईल’ म्हणत सिगारेट पुढे केली, तर सेली आठवा. फसलेल्या प्रयोगाकडे पुन्हा बघणारा सेली घ्या. दुसरा तिथेच सोडा.