डॉक्टर हूची धून तिनं टेप कापून कापून बनवली, पण नाव लागायला 50 वर्षं गेली

आज घरी बसून गाणं बनवायचं म्हटलं तर फार काही लागत नाही. लॅपटॉप उघडायचा, सॉफ्टवेअर सुरू करायचं आणि यादीतला एक आवाज निवडायचा. व्हायोलिन हवंय? आहे. एलियन उतरल्यासारखा आवाज हवाय? तोही आहे. या तयार आवाजांना म्हणतात प्रीसेट.

आणि इथंच संगीत बनवणाऱ्यांचं एक जुनं भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो, तयार आवाज वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या डब्यातलं खाणं. दुसरा गट म्हणतो, गाणं चांगलं झाल्याशी मतलब, आवाज कुठून आला ते कोण बघतं?

या भांडणात एका बाईचं नाव हमखास निघतं. तिच्या हातात प्रीसेट तर सोडाच, सिंथेसायझरही नव्हता. होते टेपचे रीळ, एक ब्लेड आणि लॉगॅरिदमचं पुस्तक. तेवढ्यावर तिनं टीव्हीच्या इतिहासातली एक सगळ्यात गाजलेली धून उभी केली.

तिचं नाव डेलिया डर्बीशायर.

भोंग्यांच्या आवाजात गेलेलं बालपण

डेलियाचा जन्म 5 मे 1937 चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातला. घर साधं, कामगाराचं. ती तीन वर्षांची असताना, 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री, जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर बॉम्बचा पाऊस पाडला. शहराचं मध्ययुगीन कॅथेड्रल त्या रात्री जळून गेलं.

त्या काळात हल्ल्याआधी भोंगा वाजायचा आणि धोका टळला की पुन्हा वाजायचा. हा चढत-उतरत जाणारा आवाज कुठल्याच वाद्याचा नव्हता, पण लहानग्या डेलियाच्या कानात तो कायमचा बसला. पुढं तिला प्रेस्टनला हलवण्यात आलं. तिथं पहाटे गिरणी कामगार लाकडी तळव्यांचे बूट घालून दगडी रस्त्यावरून कामाला जायचे. तो खटखटाटही तिच्या लक्षात राहिला. आपल्याला अमूर्त आवाजांची ओढ कुठून लागली हे सांगताना ती मोठेपणी या दोन गोष्टींचा उल्लेख करायची.

पोरगी गणितात हुशार निघाली. शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गेली. गणित घेतलं, नंतर संगीताकडं वळली आणि 1959 मध्ये दोन्ही विषय घेऊन पदवीधर झाली.

आता नोकरी. तिनं डेक्का या रेकॉर्ड कंपनीत अर्ज केला. उत्तर मिळालं की आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाहीत. विषय संपला. मग काही काळ जिनिव्हात काम केलं, मुलांना शिकवलं आणि 1960 मध्ये ती बीबीसीत लागली, शिकाऊ असिस्टंट स्टुडिओ मॅनेजर म्हणून.

जिथं कुणी जायला तयार नव्हतं, तिथं ही मागून गेली

बीबीसीनं 1958 मध्ये लंडनच्या मेडा व्हेल भागात एक विभाग सुरू केला होता, रेडिओफोनिक वर्कशॉप. नाटकांना आणि कार्यक्रमांना चित्रविचित्र आवाज पुरवणं हे त्याचं काम. त्यामागं डॅफ्ने ओरम या बाईंचा मोठा वाटा होता.

इथं माणसं सहसा काही महिन्यांसाठी पाठवली जायची. डेलियानं मात्र स्वतःहून जागा मागितली. 1962 मध्ये ती तिथं गेली आणि पुढची 11 वर्षं राहिली. या काळात तिनं सुमारे 200 कार्यक्रमांसाठी काम केलं.

आणि मग आलं 1963

बीबीसी मुलांसाठी एक नवी मालिका आणत होती, डॉक्टर हू. शीर्षक संगीताची चाल लिहिली संगीतकार रॉन ग्रेनरनं. कागदावर सूर होते, आणि काही ठिकाणी वाऱ्याचे बुडबुडे, ढग अशा नुसत्या सूचना. आता हे वाजवायचं कशावर? ते काम आलं डेलियाकडं. मदतीला होता डिक मिल्स.

तिनं काय केलं ते नीट समजून घ्या, कारण खरी गंमत तिथं आहे.

धूनमध्ये खाली जे घोड्याच्या चालीसारखं धडधडत राहतं, ते एका ताणलेल्या तारेच्या टणत्कारातून आलंय. तार छेडली, रेकॉर्ड केली. मग टेपचा वेग वाढवून सूर वर नेला, वेग कमी करून खाली आणला. असा एकेक सूर तयार केला. वरची चाल मात्र ऑसिलेटरची. हे यंत्र मुळात उपकरणं तपासायला वापरायचे, संगीतासाठी नाही. त्याचं बटण हातानं फिरवून तिनं सुरांना ती घसरगुंडी दिली. फुसफुसणारे ढग बनवले गोंगाट गाळून.

आता ताल. टेप सेकंदाला 15 इंच पळायची. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा सूर हवा तर साडेसात इंच टेप कापायची. प्रत्येक सूर असा मोजून कापला आणि चिकटपट्टीनं पुढच्याला जोडला. इथं गणिताची पदवी कामाला आली.

मल्टिट्रॅक मशिन नव्हतं. त्यामुळं बास, चाल आणि बाकीचे आवाज वेगवेगळ्या टेपवर तयार केले आणि मशिनं एकाच वेळी सुरू करून सगळं एकत्र रेकॉर्ड केलं. एखादा जोड चुकला तर सगळंच पुढं-मागं व्हायचं.

ग्रेनरनं तयार धून ऐकली तेव्हा ही आपलीच चाल आहे का, असा प्रश्न त्याला पडला. तो इतका खूश झाला की डेलियाला सहसंगीतकार म्हणून श्रेय आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा द्यायला तयार झाला.

पण बीबीसीचा नियम आडवा आला. वर्कशॉपची माणसं पगारी नोकर, त्यांची नावं झळकत नसायची. 23 नोव्हेंबर 1963 ला पहिला भाग लागला. श्रेयात ग्रेनरचं नाव आलं, वर्कशॉपचं आलं, डेलियाचं नाही. पैसेही नाहीत.

लॅम्पशेड वाजवून सहारा उभा केला

1967 मध्ये सहारातल्या तुआरेग लोकांवरच्या एका माहितीपटाचं काम तिच्याकडं आलं. वाळवंटाचा आवाज कसा असतो? तिनं वर्कशॉपमधली एक जुनी हिरवी लॅम्पशेड घेतली आणि ठोकली.

ठोकल्यावर आधी ठण्ण होतं आणि मग घुमणं मागं राहतं. तिनं ठण्ण कापून टाकलं आणि फक्त घुमणं ठेवलं. त्या घुमण्यात कोणकोणते सूर दडलेत ते शोधलं आणि तेच सूर ऑसिलेटरवर पुन्हा बनवले. उंटांच्या टापांसाठी स्वतःच्याच आवाजाचे तुकडे वापरले. 'ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स' ही रचना अशी झाली.

आज ज्याला साउंड डिझाइन म्हणतात ते हेच. आवाज उघडायचा, आतले भाग बघायचे आणि हवा तसा पुन्हा जोडायचा.

मग सिंथेसायझर आला

गंमत म्हणजे या यंत्राच्या लोकांशी तिचं वैर नव्हतं. 1966 मध्ये ब्रायन हॉजसन आणि पीटर झिनोव्हिएफ यांच्यासोबत तिनं युनिट डेल्टा प्लस नावाचा गट काढला. याच झिनोव्हिएफच्या कंपनीनं 1969 मध्ये व्हीसीएस 3 हा छोटा सिंथेसायझर आणला. त्याच वर्षी डेलियाचा सहभाग असलेल्या व्हाइट नॉइज गटाचा 'अॅन इलेक्ट्रिक स्टॉर्म' हा अल्बमही आला.

त्या सिंथेसायझरमध्ये प्रीसेट नव्हते. आवाज बनवायचा तर पिना टोचून आणि बटणं फिरवून स्वतःच बनवावा लागायचा. मग बिघडलं काय?

बिघडला वेग. जे काम टेपवर दिवसेंदिवस चालायचं ते आता काही तासांत मागितलं जाऊ लागलं. वर्कशॉपमध्ये सिंथी 100 हे अवाढव्य मशिन आलं. 1972 मध्ये त्यावर डॉक्टर हूची धून नव्यानं करून बघितली. ती जमली नाही आणि मालिका पुन्हा जुन्या टेपवाल्या धूनकडं वळली.

डेलियाचं मन उडालं होतं. 1973 मध्ये तिनं बीबीसी सोडली आणि काही वर्षांतच संगीतही सोडलं. गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्यांकडं रेडिओ ऑपरेटर म्हणून राहिली, पुस्तकाच्या दुकानात, आर्ट गॅलरीत काम केलं. तिची धून जगभर वाजत होती तेव्हा ती हे करत होती.

इकडं 1978 मध्ये प्रॉफेट 5 आला. त्यात बनवलेला आवाज साठवून ठेवता यायचा. 1983 मध्ये यामाहाचा डीएक्स 7 आला, 32 तयार आवाज घेऊन. त्यावर स्वतःचा आवाज बनवणं इतकं किचकट होतं की बहुतेकांनी तयारच वापरले. त्यातला इलेक्ट्रिक पियानो 80 च्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत ऐकू येतो.

पण ते प्रीसेटही आभाळातून पडले नव्हते. डेव्ह ब्रिस्टो आणि गॅरी लोएनबर्गर यांनी बसून त्यातले आवाज बनवले होते. त्यांचा आवाज करोडो लोकांनी ऐकला, नावं मात्र फार थोड्यांना माहितीयत. म्हणजे प्रीसेट वापरणं हे पाप नाही, पण प्रत्येक प्रीसेटमागं एक डेलिया असते आणि तिचं नाव कुठं लिहिलेलं नसतं.

नाव लागलं, पण उशिरा

90 च्या दशकात नव्या पिढीच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांनी डेलियाला शोधून काढलं. पीटर केम्बर या संगीतकारासोबत ती पुन्हा कामाला लागली होती. तेवढ्यात 3 जुलै 2001 ला मूत्रपिंड निकामी होऊन ती गेली. वय होतं 64.

तिच्या घराच्या माळ्यावर 267 टेप सापडल्या, सीरियलच्या खोक्यांत भरून ठेवलेल्या. आज त्या मँचेस्टरमध्ये जपल्यात. त्यात 60 च्या दशकातला एक छोटा तुकडा असा निघाला, जो ऐकून तो टेक्नो संगीताच्या काळातला वाटावा.

2013 मध्ये डॉक्टर हूला 50 वर्षं झाली. त्या खास भागाच्या श्रेयनामावलीत पहिल्यांदा डेलिया डर्बीशायर हे नाव आलं. 2017 मध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठानं तिला मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. डॉक्टरची धून बनवणारी बाई अशी शेवटी स्वतः डॉक्टर झाली, पण ते बघायला ती नव्हती.