भोळे, ठक आणि आत्मवंचक : राम गणेश गडकरी यांचे जीवन व पात्रसृष्टी

ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी १९७८ साली उभ्या राहिलेल्या नाट्यगृहास राम गणेश गडकरी यांचे नाव आहे. कल्याणच्या नाट्यगृहास आचार्य अत्रे यांचे. अत्रे स्वतःस गडकऱ्यांचे शिष्य मानीत. या दोघांपैकी कोणीही मूळचा या परिसरातील नव्हे. तरीही ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील नाट्यरसिकांच्या नित्याच्या बोलण्यात ही गुरुशिष्यांची नावे सहज येतात. नाव रूढ झाले की त्यामागील मनुष्य मात्र विस्मृतीत जाण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात गडकऱ्यांच्या जीवनाचा आलेख एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधाने मांडावयाचा आहे : त्यांच्या सृष्टीत मूर्ख कोण, आणि तो कोणाकडून फसविला जातो?

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. ते आठ वर्षांचे असताना, १८९३ साली, वडिलांचे निधन झाले. गोविंद हा धाकटा भाऊही अकाली गेला. बालपण गुजराती वातावरणात गेल्यामुळे मराठीशी त्यांचा खरा परिचय पुढे, जाणत्या वयात झाला. जी भाषा इतरांना घरातून आपसूक मिळते ती त्यांनी ज्ञानेश्वर व मोरोपंत वाचून, कष्टाने कमावली. त्यांच्या शैलीतील शब्दांचा सोस, कोट्या आणि अनुप्रास यांची चर्चा करताना ही गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. भाषेकडे थोडे बाहेरून पाहणाऱ्यालाच शब्द आपल्याला कसा चकवतो हे प्रकर्षाने जाणवते.

मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले; पण पहिल्याच वर्षी गणिताने घात केला आणि शिक्षण सुटले. त्यानंतर किर्लोस्कर नाटक मंडळीत कंपनीतील मुलांना शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले. तेथे त्यांना दोन गोष्टी लाभल्या. एक, रंगभूमीचा अगदी जवळचा सहवास. दुसरी, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे गुरुत्व. काव्यात केशवसुतांचा आणि नाटक-विनोदात कोल्हटकरांचा वारसा त्यांनी उघडपणे मान्य केला.

लेखनासाठी त्यांनी तीन नावे वापरली. नाटके स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने लिहिले. पैकी गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ. काव्यलेखनाच्या वेळी गडकरी आपली ओळख दिवंगत धाकट्या भावाच्या नात्याने सांगतात, ही बाब केवळ टोपणनावाच्या संकेतापुरती मानता येणार नाही. टोपणनाव हे पुष्कळदा लपण्याचे साधन असते. येथे ते एक नाते जपण्याचे साधन झाले आहे. बाळकराम हे नाव तर भोळेपणाची पाटीच होय. मनुष्य एकाच वेळी अनेक असू शकतो आणि त्यात लबाडी नसते, याचा अनुभव गडकऱ्यांना स्वतःच्या लेखणीतून आला होता.

त्यांचे मूर्ख या पार्श्वभूमीवर पाहावे लागतात. ‘रिकामपणची कामगिरी’मधील बाळकराम ठकीचे लग्न जमविण्याच्या खटपटीत पडतो तेव्हा तो त्या वेडेपणाचा दुरून पाहणारा साक्षीदार नसतो, त्यात सामील असतो. ‘प्रेमसंन्यास’ (१९१२) मधील विसराळू गोकुळ लक्षात राहावे म्हणून गाठी मारून ठेवतो. त्याला आपला दोष पुरता ठाऊक आहे आणि त्यावर त्याने एक उपायही योजला आहे. तो उपाय हास्यास्पद आहे एवढेच. ‘भावबंधन’मधील धुंडिराज भोळा आणि सत्त्वशील आहे. या मंडळींना जग फसवू शकते, पण ती स्वतःला फसवीत नाहीत. म्हणूनच गडकरी त्यांना हसतात, तरी त्यांचा नाश होऊ देत नाहीत.

दुसरा वर्ग ठकांचा. ‘पुण्यप्रभाव’ (१९१६) मधील वृंदावन आणि ‘भावबंधन’मधील घनश्याम या दोघांच्या दुष्टपणाचे मूळ एकच आहे : स्त्रीकडून मिळालेला नकार त्यांना अपमान वाटतो. वसुंधरेने नाकारल्यामुळे वृंदावन पेटतो, लतिकेने तुच्छ लेखल्यामुळे घनश्याम सूडाचे जाळे विणतो. दोघेही बुद्धिमान आहेत. दोघांनाही आपण काय करीत आहो याची जाणीव आहे. वृंदावनाला अखेरीस पश्चात्तापाची वाट सापडते. गडकऱ्यांच्या नाट्यसृष्टीत दुसऱ्याला फसविणाराही सर्वस्वी हरवलेला नसतो, कारण सत्य काय आहे हे त्याला आत कोठेतरी माहीत असते.

सर्वस्वी हरवतो तो तिसरा : स्वतःला फसविणारा. १९१७ साली लिहिलेल्या ‘एकच प्याला’तील सुधाकर हा भोळाही नाही आणि ठकही नाही. तो हुशार, मानी वकील आहे. न्यायालयातील अपमान आणि सहा महिन्यांपुरती रद्द झालेली सनद यांचे दुःख विसरण्यासाठी तो पहिला प्याला घेतो. तो प्याला तळीरामाने पुढे केला, म्हणून तळीरामाने सुधाकराला फसविले असे सामान्यतः मानले जाते. परंतु तळीराम आपले स्वरूप कधीच लपवीत नाही. आर्य मदिरा मंडळ स्थापून तो आपल्या व्यसनाची जाहीर सभाच भरवितो. फसवणूक घडते ती सुधाकराच्या मनात, आणि तिचे साधन असते त्याची स्वतःची बुद्धी. आपल्यासारख्याला एक प्याला काय करणार, हा त्याचा युक्तिवाद होय. पुढे मद्यप्याच्या अधःपाताच्या पायऱ्या तो रामलालला इतक्या नेमकेपणाने उलगडून दाखवितो की, ऐकणाऱ्यास हा आता सावरेल असे वाटावे. तो सावरत नाही. स्वतःचे अचूक विश्लेषण हेही स्वतःपासून पळण्याचे एक रूप असू शकते, हे या नाटकाचे सर्वांत कठोर निरीक्षण आहे. मूल जाते, सिंधू जाते आणि त्यानंतरच सुधाकराला स्वतःची ओळख पटते. विष घेण्यापलीकडे त्या ओळखीचा त्याला उपयोग उरलेला नसतो.

याच नाटकात गडकऱ्यांनी प्रतितोल म्हणून रामलाल उभा केला आहे. बालविधवा शरदविषयीचे आपले पितृतुल्य वात्सल्य हे निखळ वात्सल्य राहिलेले नाही, हे ध्यानात येताच तो स्वतःला कठोरपणे तपासतो. प्रतिष्ठा, वय आणि परोपकार यांच्या आड लपणे त्याला सहज शक्य होते. तो लपत नाही. सुधाकर आणि रामलाल यांच्यातील अंतर सद्गुणाचे नव्हे, वेळेचे आहे : एकाला स्वतःची ओळख वेळेवर पटते, दुसऱ्याला उशिरा.

गडकऱ्यांना स्वतःला वेळ फार थोडा मिळाला. संसारसुख फारसे लाभले नाही आणि क्षयाने शरीर पोखरले. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरनजीक सावनेर येथे, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले ते २० फेब्रुवारी १९१९ रोजी. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर पाहावयास नाटककार हयात नव्हता. बळवंत संगीत मंडळीचे ‘भावबंधन’ही त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात आले. ‘राजसंन्यास’ आणि ‘वेड्यांचा बाजार’ अपूर्ण राहिली. ‘वाग्वैजयंती’ हा कवितासंग्रह १९२१ साली निघाला. गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम हे तिघे एकत्र वाचण्याची सोय वाचकांना अशा रीतीने त्यांच्या मृत्यूनंतरच झाली.

शिष्य अत्रे यांनी १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ लिहून याच प्रश्नाचे दुसरे टोक गाठले. निपाणीचा लखोबा लोखंडे नावे बदलतो, वेष बदलतो आणि न्यायालयात उभा राहून स्वतःलाच नाकारतो. तो मी नव्हे, असे लखोबा जगाला सांगतो. सुधाकर तेच स्वतःला सांगतो : दारूत बुडणारे ते इतर, मी नव्हे. पहिल्यासाठी साक्षीपुरावे पुरतात. दुसऱ्याच्या बाबतीत फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश एकच असतो.

महाविद्यालयीन अध्यापनात ‘एकच प्याला’ मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून आणि बाळकराम केवळ कोटीबाज विनोदकार म्हणून शिकविला जातो, तेव्हा या लेखकाचे दोन तुकडे होतात. गोकुळाच्या गाठी आणि सुधाकराचा प्याला ही एकाच जाणिवेची दोन रूपे आहेत. आपण विसरतो हे ज्याला ठाऊक आहे तो गाठ मारतो आणि लोकांच्या हसण्यास पात्र होतो. आपण कधीच घसरणार नाही अशी ज्याची खात्री आहे तो प्याला उचलतो. गडकऱ्यांनी आपली माया पहिल्याला दिली आणि शोकांतिका दुसऱ्याला, हे विद्यार्थ्यांपुढे एकत्र मांडल्याखेरीज त्यांच्या विनोदाची खोली आणि शोकात्मतेची धार यांचा उलगडा होणार नाही.