ऑस्कर मिशो : आपली गोष्ट आपल्याच पैशाने सांगणारा माणूस

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी मुंबईतून ‘मूकनायक’चा पहिला अंक काढला. त्याच महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहरात एका कृष्णवर्णीय निर्मात्याचा मूकपट पडद्यावर आला. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण दोन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच होता. आपल्याविषयी इतर लोक जे छापतात आणि दाखवतात, त्याला उत्तर कोण देणार? आणि तेही कोणाच्या पैशाने? त्या निर्मात्याचे नाव ऑस्कर मिशो. आपल्या तरुणांनी त्यांचे आयुष्य समजून घ्यायला हवे.

मिशो यांचा जन्म २ जानेवारी १८८४ रोजी इलिनॉय राज्यातील मेट्रोपोलिस गावाजवळ झाला. वडील गुलामगिरीत जन्मलेले, घरात भावंडांची मोठी संख्या. तरुणपणी ते शिकागोला आले. बूटपॉलिश केले, पडेल ती कामे केली आणि पुढे रेल्वेच्या पुलमन डब्यांत पोर्टर झाले. प्रवाशांचे सामान उचलता उचलता त्यांनी देश पाहिला आणि पैसा साठवला. त्या बचतीतून साउथ डकोटात जमीन घेतली. आजूबाजूला जवळजवळ सगळे शेतकरी गोरे होते. ही जमीन मुळात लाकोटा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून वसाहतवाल्यांसाठी मोकळी केलेली होती, हेही विसरता येत नाही. एका पीडिताच्या वाट्याला आलेली संधी दुसऱ्या पीडिताच्या विस्थापनातून आली होती.

पुढे दुष्काळ आला, शेती हातची गेली, संसारही मोडला. सासरे चर्चचे धर्मोपदेशक होते आणि आपला संसार त्यांच्यामुळे मोडला, असे मिशो यांचे मत होते. हे सगळे त्यांनी लिहून काढले. १९१३ मध्ये पहिली कादंबरी आली. ती त्यांनी स्वतः फिरून विकली. १९१७ मध्ये ‘द होमस्टेडर’ आली, तेव्हा एका कृष्णवर्णीय चित्रपट कंपनीने तिचे हक्क मागितले. मिशो यांची अट होती की दिग्दर्शन मीच करणार. बोलणी फिसकटली. चित्रपटाचा काडीचाही अनुभव नसलेल्या या माणसाने मग स्वतःचीच कंपनी काढली आणि गोऱ्या शेतकऱ्यांनाही शेअर विकून भांडवल उभे केले. १९१९ मध्ये ‘द होमस्टेडर’ शिकागोत प्रदर्शित झाला. कृष्णवर्णीय निर्मात्याने बनवलेला तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो.

त्यांना हे का करावेसे वाटले, ते समजण्यासाठी काळ पाहावा लागतो. १९१५ मध्ये ग्रिफिथ या गोऱ्या दिग्दर्शकाच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने कृष्णवर्णीय पुरुषाला पशू आणि कू क्लक्स क्लॅनच्या मारेकऱ्यांना तारणहार म्हणून रंगवले. तो चित्रपट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानीही दाखवला गेला. १९१९ च्या उन्हाळ्यात शिकागोत वांशिक दंगल पेटली. ३८ माणसे मेली, त्यांतली २३ कृष्णवर्णीय होती.

त्यानंतर काही महिन्यांतच आला ‘विदिन अवर गेट्स’. त्याची नायिका सिल्विया ही शिक्षिका आहे. दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांची शाळा वाचवण्यासाठी ती निधी गोळा करते. तिचा भूतकाळ चित्रपटाच्या शेवटी उघडतो. तिला सांभाळणारा बाप बटाईने शेती करणारा. मुलगी शिकल्यामुळे घरात पहिल्यांदा हिशेब लिहिला जातो आणि बाप तो घेऊन मालकाकडे जातो. नेमका तेव्हाच मालकावर नाराज असलेला एक गोरा त्याला गोळी घालतो आणि आळ येतो या बापावर. जमाव नवराबायकोला फासावर लटकवतो. मालकाची चाकरी करत आपल्याच माणसांची चुगली करणारा नोकरही त्याच जमावाच्या हातून मरतो. गोऱ्यांच्या पैशावर लोकांना गप्प बसायला शिकवणारा धर्मोपदेशकही यात आहे. पुन्हा दंगल होईल म्हणून सेन्सॉरने अडवले, दृश्ये कापली. गोऱ्यांबरोबर काही कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचाही विरोध होता.

मिशो कथा लिहीत, पैसा आणत, दिग्दर्शन करत आणि चित्रपट विकतही स्वतःच. गावोगावी कृष्णवर्णीय वस्तीतील थिएटरवाल्यांना भेटायचे, पुढच्या चित्रपटाचे फोटो दाखवायचे, आगाऊ रक्कम घ्यायची आणि त्यातून चित्रीकरण करायचे, ही त्यांची पद्धत. ओळखीच्यांची घरे हाच सेट. पैशाअभावी चुकलेला प्रसंगही पुन्हा न घेता तसाच ठेवावा लागे. १९२५ च्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये त्यांनी पॉल रॉबसन यांना पहिल्यांदा पडद्यावर आणले, तेही ढोंगी धर्मोपदेशकाच्या भूमिकेत. समाजाच्या आतल्या शोषकालाही त्यांनी सोडले नाही. १९२८ मध्ये दिवाळे निघाले, तरी १९३१ मध्ये ते ‘द एक्झाइल’ हा बोलपट घेऊन उभे राहिले. पत्नी ॲलिस रसेल अभिनय आणि निर्मिती दोन्हींत सोबत होत्या.

त्यांचे दोषही स्पष्ट बोलले पाहिजेत. त्यांच्या चित्रपटांत नायक-नायिका बहुधा उजळ रंगाचे असत आणि गडद रंग खलनायकाच्या वाट्याला जाई. १९३८ च्या ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रन’विरुद्ध न्यूयॉर्कमध्ये निदर्शने झाली. समाजशास्त्र सांगते की वरून लादलेली उतरंड खालच्यांच्या मनातही घर करते. आपल्या पोटजातींकडे पाहिले तर हे समजायला अमेरिकेत जावे लागत नाही.

१९४८ चा शेवटचा चित्रपट आपटला. २५ मार्च १९५१ रोजी मिशो गेले. चाळीसच्या आसपास चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले, मूकपट तर फक्त तीन उरले. ‘विदिन अवर गेट्स’ची एकमेव प्रत स्पेनमध्ये सापडली आणि १९९३ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा लोकांसमोर आली.

मला ही गोष्ट सर्वांत जास्त टोचते. वस्तीत काम करताना मी पाहतो, चौदा एप्रिलची मिरवणूक, मोर्चे, जुन्या जलसाकारांची गाणी आपली मुले मोबाइलवर टिपतात. मोबाइल बिघडला की सगळे गेले. मिशो यांनी स्वतःचा कॅमेरा मिळवला, पण केलेले काम जपणारी संस्था त्यांच्यामागे उभी राहिली नाही. आपल्याकडे आता कॅमेरा प्रत्येक हातात आहे. संस्था उभी करण्याचे काम बाकी आहे. सुरुवात विहारातल्या एका कपाटापासून आणि एका हार्ड डिस्कपासून करता येईल.