प्रत्येकाला ठरलेले पैसे मिळावेत, हा हिशोब थॉमस पेनने १७९७ मध्येच मांडला होता

महात्मा फुले यांच्या चरित्रात एक इंग्रज नाव हमखास भेटतं. थॉमस पेन. त्याचं ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक फुल्यांनी तरुणपणी वाचलं आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला, एवढं आपल्याला माहीत असतं. पण हा पेन होता कोण, हा प्रश्न बहुतेकदा तिथेच राहतो.

आज ज्याला युनिव्हर्सल बेसिक इन्कम म्हणतात, म्हणजे सरकारने प्रत्येकाला ठरावीक रक्कम द्यायची, त्या कल्पनेचा इतिहास सांगताना या माणसाला वगळता येत नाही.

पेनचा जन्म १७३७ चा, इंग्लंडमधल्या थेटफर्ड गावातला. वडील बायकांच्या कॉर्सेट शिवायचे. पोरगाही तेच काम शिकला. पहिली बायको लग्नानंतर वर्षभरातच बाळंतपणात गेली. पुढे तो अबकारी खात्यात लागला. पगार वर्षाला ५० पौंड आणि कामासाठी लागणाऱ्या घोड्याचा खर्चही त्यातूनच. १७७२ मध्ये त्याने सहकाऱ्यांच्या वतीने पगारवाढीचं निवेदन लिहिलं. अर्धपोटी माणसाला लाच नाकारायला सांगणं सोपं असतं, नाकारणं अवघड असतं, असा त्याचा साधा मुद्दा होता. हिवाळाभर लंडनमध्ये खासदारांचे उंबरे झिजवले, हाती काहीच लागलं नाही. १७७४ मध्ये गैरहजेरीचं कारण देऊन त्याला नोकरीवरून काढलं. किराणा-तंबाखूच्या दुकानातलं सामान लिलावात गेलं, दुसरा संसारही मोडला. वय ३७ आणि खिसा रिकामा.

लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिनशी ओळख झाली होती. त्याची चिठ्ठी घेऊन पेन अमेरिकेला निघाला. प्रवासात इतका आजारी पडला की फिलाडेल्फियात त्याला जहाजावरून उचलून उतरवावं लागलं. पण पुढच्या १४ महिन्यांत या माणसाने ‘कॉमन सेन्स’ लिहून अमेरिकन वसाहतींना स्वातंत्र्याच्या बाजूला वळवलं. पुस्तिका धडाक्यात खपली आणि तिची कमाई त्याने सैन्यासाठी देऊन टाकली. पैसे टिकवणं त्याला कधी जमलं नाही.

मग युरोप. ‘राइट्स ऑफ मॅन’च्या १७९२ च्या दुसऱ्या भागात त्याने म्हाताऱ्यांना पेन्शन आणि गरिबांच्या मुलांसाठी भत्ता सुचवला. याच पुस्तकासाठी इंग्लंडमध्ये राजद्रोहाचा खटला चालला, पण तोवर तो फ्रान्सला पोहोचला होता. तिथे त्याला लोकप्रतिनिधी म्हणून निवडून दिलं होतं, फ्रेंच नीट येत नसतानाही! राजेशाहीच्या या विरोधकाने राजाला फाशी देऊ नका असं मत दिलं, आणि १७९३ च्या डिसेंबरात क्रांतिकारकांनी त्यालाच तुरुंगात टाकलं. दहा महिन्यांनी, नोव्हेंबर १७९४ मध्ये, तो सुटला तेव्हा तब्येत पार ढासळली होती.

त्यानंतर लिहिलेली छोटी पुस्तिका म्हणजे ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’. तिच्या छपाईला एक निमित्त होतं. लँडाफच्या बिशपने एक प्रवचन छापलं होतं: देवाने श्रीमंत आणि गरीब दोन्ही निर्माण केले, यातच त्याचं शहाणपण दिसतं. पेन भडकला. त्याच्या मते देवाने स्त्री आणि पुरुष निर्माण केले, गरिबी माणसांनी केली.

त्याचा युक्तिवाद असा होता. जमीन मुळात कुणी तयार केलेली नाही, ती सगळ्यांची. शेतकऱ्याने नांगरून, खत घालून तिची किंमत वाढवली, ती वाढ त्याची. पण खालची जमीन त्याची होत नाही. म्हणजे प्रत्येक जमीनमालक समाजाचा भाडेकरू ठरतो आणि भाडं थकवून बसलाय. पेनला जमिनी काढून घ्यायच्या नव्हत्या. त्याला थकबाकी वसूल करायची होती, तीही मालक मेल्यावर, वारसाच्या हाती मालमत्ता जाताना.

इथे जुना अबकारी कारकून जागा होतो. इंग्लंडची एकूण संपत्ती १३० कोटी पौंड धरली, तर ३० वर्षांत ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते. त्यावर थेट वारसांकडून १० टक्के आणि दूरच्यांकडून जास्त घेतले, तर वर्षाला सुमारे ५६ लाख ६६ हजार पौंड जमतात. पन्नाशी ओलांडलेले अंदाजे ४ लाख लोक, प्रत्येकी वर्षाला १० पौंड, मरेपर्यंत. दरवर्षी २१ वर्षांचे होणारे ९० हजार, त्यांना एकदाच १५ पौंड, गाय घ्यायला, अवजारं घ्यायला. तरी ३ लाखांवर उरतात, ते अंध आणि अपंगांसाठी.

१० पौंड म्हणजे तेव्हाच्या शेतमजुराच्या वर्षभराच्या कमाईच्या साधारण निम्मे. गंमत म्हणजे हे पैसे श्रीमंतांनाही मिळणार होते, बायकांनाही. फक्त गरिबांना दिले तर ती भीक ठरेल, आणि पेनला हक्क हवा होता. ज्याला नको त्याने आपला वाटा परत निधीत टाकावा.

सगळे खूश झाले असं नाही. त्याच वर्षी लंडनच्या थॉमस स्पेन्सने उत्तर छापलं: दहा टक्क्यांवर समाधान कसलं मानता? जमिनीचं सगळं भाडं गावाकडे जमा करा, खर्च भागवा आणि उरलेलं दर तीन महिन्यांनी बाया-माणसांत, तान्ह्या पोरांसकट, समान वाटा. आजच्या बेसिक इन्कमच्या जास्त जवळ खरं तर स्पेन्स जातो. पेनच्या योजनेत २१ ते ५० मधल्या माणसाला काहीच नव्हतं.

१८०२ मध्ये पेन अमेरिकेत परतला. पण ‘एज ऑफ रीझन’मध्ये त्याने बायबलची चिरफाड केली होती, त्यामुळे जुन्या मित्रांनी पाठ फिरवली. ८ जून १८०९ ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला, तेव्हा अंत्ययात्रेला मोजकीच माणसं होती. न्यू रोशेलच्या ज्या शेतात त्याला पुरलं, ते शेत त्याला राज्य सरकारने बक्षीस म्हणून दिलं होतं, राजनिष्ठ मालकाकडून जप्त करून. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट नावाच्या पत्रकाराने त्याची हाडं उकरून इंग्लंडला नेली. स्मारक काही झालं नाही आणि कॉबेट गेल्यानंतर हाडंही हरवली.

इंग्लंडने म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन द्यायला सुरुवात केली १ जानेवारी १९०९ ला. आठवड्याला ५ शिलिंग, म्हणजे वर्षाचे १३ पौंड. पण पन्नाशीला नाही, सत्तरीला. आणि सगळ्यांना नाही, गरीब असल्याचं दाखवता आलं तरच.